विश्लेषण : चार डॉक्टर, चार चिठ्ठ्या... ज्येष्ठांची औषधे एकमेकांना घातक कशी ठरतात?

सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, न्याहारीनंतर रक्तदाबाची आणि मधुमेहाची, दुपारी कॅल्शियम, संध्याकाळी काचबिंदूचे थेंब, रात्री कोलेस्टेरॉलची आणि झोपेची गोळी. ज्येष्ठ नागरिक असलेल्या अनेक घरांत हे वेळापत्रक ओळखीचे आहे. यातील प्रत्येक औषध कुणा ना कुणा डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले असते. मात्र, ही सगळी औषधे एकत्र पाहणारे बहुतेकदा कुणीच नसते. खरा धोका तिथेच आहे.

पाचपेक्षा जास्त औषधे म्हणजे चूकच का?

पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमित घेण्याला वैद्यकीय परिभाषेत ‘पॉलिफार्मसी’ म्हणतात. ती नेहमीच अनावश्यक नसते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर चार-पाच औषधे लागतातच. प्रश्न येतो तो परस्परांना मारक, दुबार किंवा गरज संपल्यावरही सुरू राहिलेल्या औषधांचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी हानी रोखण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा निवडलेल्या तीन प्राधान्यांपैकी एक पॉलिफार्मसी हेच होते.

वयाचा संबंध काय?

वय वाढते तशी मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता घटते, यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो. शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते आणि चरबीचे वाढते. परिणामी तरुणपणी सोसलेली मात्रा सत्तरीत जास्त ठरू शकते. ज्येष्ठांच्या शरीरात स्नायू कमी असल्याने रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा अहवालात ठीक दिसतो, पण मूत्रपिंड प्रत्यक्षात थकलेले असू शकते. म्हणून केवळ क्रिएटिनिन न पाहता त्यावरून वयाचा विचार करून काढलेला ‘ईजीएफआर’ही पाहावा लागतो.

नेमके काय घडते?

सर्वांत नेहमीचे उदाहरण गुडघेदुखीचे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध अनेकांना एकाच गोळीतून दिले जाते. गुडघे दुखतात म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक देतात. वेदनाशामकामुळे मूत्रपिंडातील गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म वाहिनी आकसते. टेल्मिसार्टनमुळे गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल होते. लघवीच्या औषधाने शरीरातील पाणी कमी झालेले असते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतील दाब कोसळतो. त्यात जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळ्याची भर पडली, तर काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

दुसरे उदाहरण रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला पोटाच्या किंवा लघवीच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमॉक्साझोल दिले, तर वॉरफरिनचा प्रभाव वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसोबत वेदनाशामक घेतल्यास जठरातून रक्तस्रावाची शक्यता वाढते.

काही औषधे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. अ‍ॅसिडिटीवरील ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा गुण कमी करते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीलगत घेतल्यास तिचे शोषण नीट होत नाही. त्यामुळे या दोन्हींत साधारण चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात.

दुष्परिणाम की नवा आजार?

अमलोडिपिनमुळे काहींच्या घोट्यांवर सूज येते. हा दुष्परिणाम आहे हे लक्षात आले नाही, तर सुजेसाठी लघवीचे औषध सुरू होते. त्याने रक्तातील पोटॅशियम घटते किंवा युरिक अ‍ॅसिड वाढते, मग त्यासाठी तिसरे औषध येते. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या संशोधकांनी 1990च्या दशकात या साखळीकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. ज्येष्ठांमधील तोल जाणे, पडणे, विसरभोळेपणा किंवा अचानक गोंधळणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. त्यामागे झोपेची गोळी, सर्दीचे औषध किंवा प्रोस्टेटसाठीचे टॅम्सुलोसिनही असू शकते.

चिठ्ठीबाहेरच्या औषधांचे काय?

‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात डोळ्यांचे थेंब कुणी सांगत नाही. मात्र, काचबिंदूसाठीच्या टिमोलोलचा काही अंश रक्तात मिसळतो. दम्याच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते आणि हृदयाची गती कमी करणारी गोळी आधीच सुरू असेल, तर नाडी फारच मंदावू शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. तापाची गोळी वेगळी घेतली की मात्रा दुप्पट होते. ‘आयुर्वेदिक आहे, चालते’ हा समजही धोक्याचा आहे. जेष्ठमध दीर्घकाळ, जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांसाठी हे घातक ठरू शकते.

यंत्रणा कुठे कमी पडते?

पूर्वी घरातील सर्वांची प्रकृती जाणणारा फॅमिली डॉक्टर असे. आता रुग्ण थेट तज्ज्ञांकडे जातो आणि प्रत्येक रुग्णालयाची फाइल वेगळी असते. त्यात एकाच औषधाची अनेक व्यापारी नावे. दोन डॉक्टरांनी दिलेले एकच औषध दोन नावांनी घरात येते आणि दोन्ही घेतले जाते. औषधे जेनेरिक नावाने आणि सुवाच्य अक्षरात लिहावीत, असा नियम 2016 मध्ये आला, तरी व्यापारी नावांच्या चिठ्ठ्या सर्रास दिसतात. 2021 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील ‘आभा’ क्रमांकाशी नोंदी जोडल्या गेल्या, तर सर्व चिठ्ठ्या एकाच ठिकाणी दिसू शकतील. पण त्यासाठी रुग्णालये आणि दवाखान्यांनी त्या नोंदी तिथे भरायला हव्यात.

कुटुंबीयांनी काय करावे?

घरातील सर्व गोळ्या, थेंब, मलमे, काढे आणि चूर्णे एका पिशवीत भरून वर्षातून किमान एकदा एकाच डॉक्टरांना दाखवावीत. रुग्णालयातून घरी परतल्यावर तर हे आवर्जून करावे. औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कुणी दिले, याची यादी कागदावर लिहून पाकिटात ठेवावी. नवे औषध मिळताना तीन प्रश्न विचारावेत : आधीच्या औषधांसोबत हे चालेल का, किती दिवस घ्यायचे आणि याच्या बदल्यात एखादे बंद करता येईल का?

मात्र, हे वाचून कुणीही स्वतःहून गोळी बंद करू नये. रक्तदाबाची, हृदयाची, झोपेची किंवा फिटची काही औषधे अचानक थांबवणे अधिक धोक्याचे असते. काळी शौच, लघवी कमी होणे, चक्कर येऊन पडणे किंवा अचानक गोंधळणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांना गाठावे आणि सोबत ती पिशवीही न्यावी. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते. त्यासाठी भारतीय औषधसंहिता आयोगाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे.