टिनचे तंतू आणि बिघाडाचा माग

इलेक्ट्रॉनिक उपकरण बंद पडल्यावर त्यातील निकामी भाग बदलणे हे दुरुस्तीचे काम होय. तो भाग का निकामी झाला, दोष रचनेचा, उत्पादनाचा की वापराचा, आणि त्याच बनावटीच्या इतर उपकरणांतही तो दडलेला आहे काय, हे शोधणे हे बिघाड-विश्लेषक अभियंत्याचे काम. या कामातील मोठी अडचण अशी की पुरावा पुष्कळदा एकमेव असतो आणि तपासाच्या ओघातच तो नष्ट होऊ शकतो.

म्हणूनच तपासाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. उपकरणाला घाईने वीज न देता आधी त्याच्या वापराची माहिती मिळवली जाते, छायाचित्रे व सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणे नोंदवली जातात, क्ष-किरणांनी आतील तारा व सांधे पाहिले जातात आणि विद्युत मोजमापे सुस्थितीतील नमुन्याशी ताडून पाहिली जातात. एवढे झाल्यावरच आयसीचे प्लास्टिक कवच तीव्र नायट्रिक आम्लाने विरघळवणे, किंवा सुटा भाग इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून, घासून त्याचा छेद पाहणे, अशा माघार नसलेल्या पायऱ्या घेतल्या जातात.

पुरावा किती नाजूक असतो, हे टिनच्या तंतूंवरून स्पष्ट होते. सुट्या भागांच्या धातूच्या पायांवर गंज टाळण्यासाठी व डाख नीट बसावा म्हणून शुद्ध टिनचा मुलामा दिलेला असेल, तर त्या थरातील अंतर्गत दाबामुळे त्यातून टिनचे स्फटिकमय तंतू आपोआप बाहेर वाढू शकतात. त्यांची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी कमी असते, पण लांबी एखादा मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक होते. असा तंतू शेजारच्या पायाला टेकला की शॉर्ट सर्किट होते. प्रवाह पुरेसा असला तर तंतू क्षणात वितळून जातो आणि दोष त्याच्यासह नाहीसा होतो; हाताळताना तो गळून पडण्याचीही शक्यता असते. परत आलेल्या उपकरणावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तपास थांबवणे म्हणूनच चुकीचे आहे.

19 मे 1998 रोजी गॅलेक्सी-4 या दळणवळण उपग्रहाचा नियंत्रण प्रोसेसर बंद पडला, राखीव प्रोसेसरही आधीच निकामी झालेला होता, आणि अमेरिकेतील बहुसंख्य पेजर मुके झाले. मुख्य प्रोसेसरच्या बिघाडाचे सर्वाधिक संभाव्य कारण म्हणून टिनच्या तंतूकडे बोट दाखवण्यात आले. उपग्रह परत आणून उघडून पाहणे शक्य नसल्याने अशा निष्कर्षाला ‘संभाव्य’ हे विशेषण लावणे हाच या व्यवसायातील प्रामाणिकपणा होय.

टिनमध्ये थोडे शिसे मिसळले की तंतूंची वाढ बरीच रोखली जाते, हे दशकानुदशके ठाऊक होते. परंतु शिसे विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत त्यावर निर्बंध घातले, आणि भारताच्या ई-कचरा नियमांतही तशी तरतूद आली. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे जुना धोका पुन्हा पुढे आला आणि टिनखाली निकेलचा थर देण्यासारखे उपाय करावे लागले.

तपासाची पहिली कडी अखेर ग्राहकाच्या हातात असते. बंद पडलेले उपकरण पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, ते स्वतः उघडू नये, आणि दुरुस्तीला देताना ते चार्जिंगला होते का, ओले झाले होते का, खाली पडले होते का, हे न लपवता सांगावे.