परसबागेतील उपद्रवी प्राणी : ओळख आणि बंदोबस्त

गोव्यातील घराचे परस म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. चार-पाच माड, एखादा फणस, केळी, पपई, चिकू आणि पावसाळ्यातील भाजीचे मांडव यांवर कुटुंबाचा बराचसा नित्याचा खर्च भागत असतो. म्हणूनच माडाखाली पोखरलेले कोवळे नारळ दिसू लागले की घरधनी चिंतेत पडतो आणि हाती येईल तो उपाय योजतो. कोणी विष पेरतो, कोणी फास लावतो, तर कोणी कुंपणात थेट वीज सोडतो. अशा घाईने नुकसान टळत नाही. उलट गुरे-वासरे, निरुपद्रवी प्राणी आणि प्रसंगी माणसेही प्राणास मुकतात. यास्तव उपद्रव नेमका कोणाचा, हे ओळखणे ही बंदोबस्ताची पहिली पायरी होय.

नुकसान कोणाचे, हे कसे ओळखावे?

खार, जिला आपल्याकडे चानी असेही म्हणतात, ती दिवसा वावरते. उंदीर रात्री फिरतो. पक्व होत आलेली फळे सायंकाळी पाहून ठेवावीत व पहाटे पुन्हा तपासावीत. रात्रीत फळ खाल्ले गेले असल्यास उंदीर, वटवाघूळ किंवा उदमांजर यांचा संशय घ्यावा. दिवसा नुकसान झाल्यास चानी, माकड किंवा पक्षी कारणीभूत असतात. झाडाच्या बुंध्याभोवती राख पसरून ठेवल्यास पावलांचे ठसेही मिळतात.

तीन ते सहा महिन्यांचे नारळ देठाजवळ भोक पडून गळत असतील, तर ते बहुधा उंदराचे काम असते. हा उंदीर माडाच्या शेंड्यातच घरटे करतो. म्हणून जमिनीवरील बिळे कितीही बुजविली तरी त्याचा बंदोबस्त होत नाही. रानालगतच्या कुळागरात शेकरूही नारळ पोखरते; परंतु ते दिवसा दिसते व त्याचा आवाजही दुरून ऐकू येतो.

माडांचे रक्षण

माडाच्या खोडाला जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत जस्ती पत्रा गुंडाळून बसवावा. त्यावरून उंदराला चढता येत नाही. मात्र एका माडाची झावळे दुसऱ्या माडास अथवा घराच्या छपरास टेकत असतील, तर हा पत्रा व्यर्थ ठरतो. कारण उंदीर वरच्या वरच ये-जा करतो. पत्रा लावण्यापूर्वी शेंड्यातील वाळलेली पिसुंद्री व जुनी घरटी काढून टाकावीत.

उपद्रव फार असल्यास विभागीय कृषी कार्यालयाच्या सल्ल्याने ब्रोमाडिओलोनच्या १० ग्रॅमच्या वड्या वापराव्यात. दर पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात, १२ दिवसांच्या अंतराने दोन वेळा त्या ठेवाव्यात. वड्या जमिनीवर कदापि टाकू नयेत. मेलेले उंदीर खोल पुरावेत. अन्यथा ते खाऊन घुबड व मांजर, म्हणजे उंदरांचे नैसर्गिक शत्रूच, नाहीसे होतात.

चानी आणि घराचे छप्पर

चानी फळे व बिया खाते, तसे किडेही खाते. तिला मारण्याऐवजी फळ तिच्यापासून दूर ठेवावे. पेरू, चिकू यांची फळे पक्व होण्यापूर्वी कापडी पिशवीत बांधावीत. कोकोची पिकलेली फळे वेळच्या वेळी काढावीत. नायलॉनची जाळी जमिनीवर लोळू देऊ नये, कारण तीत धामण अडकून मरते आणि उंदीर मात्र माजतात.

छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात व कौलांखालील फटी बारीक तारेच्या जाळीने बंद कराव्यात. तत्पूर्वी आत पिले नाहीत, याची खात्री करावी. पिले आत कोंडली गेल्यास मादी लाकूड व वायर कुरतडून वाट काढू पाहते आणि मेलेल्या पिलांची दुर्गंधी घरभर पसरते.

माकडे आणि आरोग्य

माकडांना खाऊ घालणे हे त्यांच्या उपद्रवाचे एक मोठे कारण आहे. एकदा आयते अन्न मिळाले की कळप पुनःपुन्हा तेथेच येतो. खरकटे झाकून ठेवावे, तयार फळे लवकर काढावीत आणि रानाकडील कडेला हळद, आले यांसारखी पिके घ्यावीत. त्यांना माकडे सहसा तोंड लावीत नाहीत.

माकड मृत आढळल्यास त्याला हात लावू नये. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१५ साली सत्तरी तालुक्यातही उद्भवला. त्याचा विषाणू गोचिडींच्या चाव्यातून माणसात येतो आणि माकड मेल्यावर त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात. अशा वेळी आरोग्य केंद्रास व वन खात्यास त्वरित कळवावे. माकडाने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. २०२२ सालच्या दुरुस्तीने त्याच्या अनुसूची बदलल्या व त्या १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्या. शेकरू, मोर व धामण यांना या कायद्याचे संरक्षण आहे. संरक्षित प्राण्यास परवानगीवाचून पकडणे अथवा पकडून अन्यत्र सोडणे हाही अपराध होतो. उपद्रवी म्हणून एखादा वन्य प्राणी घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. तो ग्रामस्थांस अथवा पंचायतीस नाही. कुंपणात थेट वीज सोडणे तर सर्वथा बेकायदेशीर व प्राणघातक आहे.

पिकाचे नुकसान झाल्यास छायाचित्रासह विभागीय कृषी कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. शिक्षकांनी माकडांना खाऊ न घालणे व मृत माकडाची वार्ता तत्काळ देणे, या दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवाव्यात. एका घराने केलेला बंदोबस्त शेजारच्या उघड्या खरकट्यामुळे निष्फळ होतो. म्हणून हे काम वाड्यातील सर्वांनी मिळून करणे इष्ट ठरेल.