गिऱ्हाईक टिकते कशाने?

गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते म्हणजे ते आपल्याशी बांधले गेले, ही व्यापारातली खोलवर रुजलेली समजूत आहे. तिच्या समर्थनार्थ केशकर्तनालयाचे उदाहरण हमखास दिले जाते: माणूस घर बदलतो, न्हावी बदलत नाही. पण डोक्यावरचे केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, तेव्हा कुठल्या तरी खुर्चीत बसणे भागच असते. जुन्या गावगाड्यात तर निवडही नव्हती. न्हावी बलुतेदार, काम वंशपरंपरेने ठरलेले, मोबदला सुगीच्या धान्यातून. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या त्या संबंधाला निष्ठा म्हणणे कारागिरांवर अन्याय करणारे आहे, कारण तो जातीने लादलेला होता. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, तो या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणता येते, तिथेच निष्ठेचा प्रश्न सुरू होतो.

आज ही मुभा गिऱ्हाइकाला पुरेपूर आहे. एकाच रस्त्यावर चार सलून असतात, तरी माणूस आपल्या कारागिराची खुर्ची रिकामी होईपर्यंत बाकावर थांबतो. हे सवलतीने घडते असे मानून कंपन्या पॉइंट आणि कूपन वाटतात. सवलतीने गर्दी होते हे खरे. पण सवलतीची नक्कल सगळ्यांत सोपी. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये प्रवासाच्या मैलांवर बक्षिसे देणारी योजना आणली आणि काही दिवसांतच युनायटेडनेही आणली. कारागिराला गिऱ्हाइकाबद्दल जे ठाऊक असते, त्याची नक्कल शेजारच्या दुकानाला करता येत नाही. भोवरा कुठे आहे, कानामागचे केस कुठल्या बाजूला वळतात, कल्ले किती ठेवायचे, मशीन कुठपर्यंत आणि कात्री कुठून, हे त्याच्या हाताला माहीत असते. नवख्या डोक्यावर चांगला कारागीर आधी केस थोडे लांबच ठेवतो, कारण जास्त कापलेले परत लावता येत नाहीत. शेवटी तो मानेमागे आरसा धरतो आणि गिऱ्हाईक ‘अजून थोडे बारीक’ म्हणाले की पुन्हा कात्री उचलतो. चूक दुरुस्त होण्याजोगी असतानाच तो मत विचारतो. काम संपून माणूस घरी गेल्यावर मोबाइलवर तारे मागणाऱ्या कंपन्यांनी नेमका हा क्षण गमावलेला असतो.

दुसरा गैरसमज गप्पांचा. न्हाव्याचे यश त्याच्या गोड बोलण्यात शोधतात आणि कर्मचाऱ्यांना हसून बोलायचे प्रशिक्षण देतात. लॉस एंजलिसमधल्या 52 केशकर्तनालयांत झालेला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला वैद्यकीय अभ्यास इथे उपयोगी आहे. तिथल्या नियमित येणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या 319 कृष्णवर्णीय पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला न्हाव्याने जीवनशैलीचा सल्ला दिला आणि डॉक्टरकडे जायला सांगितले; दुसऱ्या गटासाठी औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन औषधोपचार करू लागला. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी 9.3 अंकांनी उतरला, दुसऱ्यात 27 अंकांनी. ओळखीच्या खुर्चीवरच्या विश्वासाने दार उघडले, पण मोठा फरक पडला तो खरी सेवा दारात आल्यावर.

यावर आक्षेप येतो की लाखो ग्राहक असलेल्या बँकेला हे कसे जमावे? माहिती तर तिच्या संगणकात न्हाव्यापेक्षा कितीतरी जास्त असते. अडचण ती वापरण्यात आहे. तक्रारीसाठी फोन केला की प्रत्येक नव्या आवाजाला ग्राहकाने तीच हकिकत पहिल्यापासून सांगायची. एका तक्रारीला शेवटपर्यंत एकच माणूस देणे मोठ्या संस्थेलाही शक्य आहे. त्याला खर्च येतो, एवढेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गिऱ्हाईक कारागिराशी बांधलेले असेल, तर कारागीर दुकान सोडताना ते घेऊन जाईल. जाईलच. म्हणून काही मालक माणसे सारखी फिरवतात आणि ज्यामुळे गिऱ्हाईक येत होते तेच मोडतात. अनेक सलूनमध्ये कारागिराला केलेल्या कामाच्या पैशांत ठरलेला हिस्सा मिळतो, त्यामुळे त्याची ओळखीची गिऱ्हाईके वाढली की कमाईही वाढते. ग्राहक टिकवण्याच्या योजनांवर पैसा ओतणाऱ्या कंपन्यांनी त्यातला काही भाग, ज्याला ग्राहक नावाने ओळखतो त्या कर्मचाऱ्याच्या पगारात घालून पाहावा.