खर्जाची पेटी

मराठीत पेटी म्हटले की प्रथम हार्मोनियम आठवते. हार्मोनियमची पेटी वाजते, आणि वाजावी हीच तिच्याकडून अपेक्षा असते. या प्रकरणात ज्या पेटीची माहिती द्यावयाची आहे तिच्याकडून नेमकी उलट अपेक्षा असते: तिने मुळीच वाजू नये. सबवूफर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, केवळ खर्जातील ध्वनी देणाऱ्या ध्वनिवर्धकाची ही पेटी होय. आता तिच्या सर्व फळ्या यंत्रावर मापात कापून, स्पीकरसाठी गोल भोक पाडून, एका खोक्यात घालून विकत मिळतात. घेणाऱ्याने त्या घरी सांधावयाच्या, एवढेच काम उरते. सहा फळ्या, मध्ये बसवावयाची एक चौकट, थोडे स्क्रू आणि सरस. काम दिसते तितके ते सोपेही आहे. मात्र कोणत्या सांध्यात हयगय चालते व कोणत्या सांध्यात चालत नाही, हे त्यामागील ध्वनिशास्त्र समजल्यावाचून कळत नाही.

जबलपूरच्या कांचघर भागात प्रस्तुत लेखिकेच्या घरी असा एक संच पावसाळ्यात आणला गेला. त्याला कारण झाला डग्गा. वडील गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी भजनी मंडळात तबला वाजवीत. वाढत्या वयात कानाची शक्ती प्रथम वरच्या स्वरांच्या बाबतीत कमी होते, खालचे स्वर त्या मानाने अधिक काळ टिकून राहतात. त्यांच्याजवळ टिकून राहिले होते तेच स्वर दूरचित्रवाणी संचाच्या बोटभर स्पीकरांतून बाहेर पडत नव्हते. डग्ग्याचा मूळ स्वर शंभर हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर कंपने. इतक्या संथ कंपनांना लहान पडदा पुरेशी हवा हलवू शकत नाही. तरीही डग्गा ओळखू येतो, कारण मूळ स्वर नाहीसा झाला तरी त्याच्या पटीतील वरच्या स्वरांवरून मेंदू त्याचा अंदाज बांधतो. तबल्याच्या शाईमुळे हे वरचे स्वर एकमेकांशी सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. वडिलांना बोल कळत होते. घुमारा मिळत नव्हता.

आता पेटीची गरजच का पडते ते पाहू. एखादा सुटा स्पीकर टेबलावर ठेवून वाजविला तर त्यातून किरटा, पोकळ आवाज येतो. पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून स्पीकर त्यामागे धरला की आवाज एकदम भरतो. हा प्रयोग कोणीही करून पाहावा. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढील हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. वरच्या स्वरांच्या लहरी आखूड असल्याने पुढचा दाब मागे वळण्यापूर्वीच खोलीत निघून जातो. खर्जाचे तसे नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला तर ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरांहून अधिक भरते. एवढ्या लांब लहरीपुढे वीतभर रुंदीचा स्पीकर म्हणजे काहीच नव्हे. पुढची दाबलेली हवा कडेवरून वळून मागची पोकळी भरून काढते व दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पेटी या दोन हवांना वेगळे ठेवते. बाकी सारे तपशील या एका कामातून निघतात.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंत्यांनी १९२५ साली आजच्या पद्धतीचा, चल-कुंडलाचा ध्वनिवर्धक मांडला, आणि पेटीचा प्रश्न त्याच्याबरोबरच जन्माला आला. पेटीला मोजून-मापून एक छिद्र ठेवावे व मागील हवेचाही उपयोग करून घ्यावा, ही अल्बर्ट थुरास यांची कल्पना; तिचे अमेरिकन एकस्व १९३२ साली मिळाले. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली दुसरी वाट धरली. त्यांनी पेटी पूर्ण बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यापूर्वी खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागत असे. व्हिल्चर यांची पेटी पुस्तकांच्या फडताळात मावू लागली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात या साऱ्याचे गणित बसविले, आणि पेटीचे आकारमान हा सुताराच्या अंदाजाचा विषय राहिला नाही.

हे गणित घरगुती कामापुरते अगदी थोडे आहे. स्पीकरबरोबर येणाऱ्या पत्रकावर तीन मूल्ये छापलेली असतात. शंकूची स्वतःची स्वाभाविक कंप्रता (एफ-एस), त्याचे डोलणे किती लवकर आवरते ते सांगणारा गुणांक (क्यू-टी-एस), आणि शंकूच्या लवचीकपणाशी बरोबरी करणाऱ्या हवेचे आयतन (व्ही-ए-एस). समजा, दहा इंची स्पीकरची ही मूल्ये अनुक्रमे २८ हर्ट्झ, ०.४५ आणि ६० लिटर आहेत, व पेटीत ४० लिटर हवा मावते. ६० ला ४० ने भागून त्यात १ मिळविला की २.५ येतात, त्याचे वर्गमूळ १.५८. या संख्येने पहिल्या दोन मूल्यांना गुणले की पेटीत बसविलेल्या स्पीकरची कंप्रता ४४ हर्ट्झ व गुणांक ०.७१ असा येतो. ०.७१ च्या आसपासचा गुणांक उत्तम मानतात, कारण तेथे खर्ज उगाच फुगत नाही व अकाली ओसरतही नाही. पेटी लहान केली की गुणांक चढतो, आणि एकाच्या पुढे गेला की प्रत्येक ठोका ढोलासारखा घुमू लागतो. संच विकणाऱ्याने फळ्यांची मापे ठरविली म्हणजे हे गणित करून ठेवले, असे गृहीत धरावयाचे. पण तोच स्पीकर त्या पेटीत बसविणार आहोत ना, हे घेणाऱ्याने पडताळून पाहावे. पेटी एका स्पीकरसाठी व स्पीकर भलताच, हा प्रकार फार आढळतो.

आमच्या संचातील फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या एम.डी.एफ.च्या होत्या. समोरची व मागची फळी ३८.६ सेंटिमीटर चौरस. वरची व खालची ३८.६ बाय ३५. बाजूच्या दोन ३५ चौरस. जोडल्यावर आत ३५ सेंटिमीटरांचा घन तयार होतो, म्हणजे सुमारे ४३ लिटर. चौकट व स्पीकरचा मागील भाग तीनेक लिटर खातो. पेटी घनाकृती नसावी असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभ्या राहणाऱ्या लहरी तिन्ही दिशांना सारख्याच पडतात, हे खरे आहे. परंतु ३५ सेंटिमीटरांत अशी लहर ४९० हर्ट्झच्या आसपास उभी राहते, आणि सबवूफरला शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या वरचे काही दिलेच जात नाही. नेहमीच्या स्पीकरला लागू असलेला नियम येथे निरर्थक ठरतो.

जाडीचा नियम मात्र निरर्थक नाही. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १८ मिलिमीटरची फळी घेतली की ताठपणा तिपटीहून अधिक होतो. मिरजेत तंबोरे घडविणारे कारागीर भोपळा निवडतात तो तारेच्या कंपनाला साथ देणारा. तंबोऱ्याचा भोपळा नि सबवूफरची पेटी दोन्ही पोकळ असतात, पण पहिल्याचे बोलणे हा गुण आणि दुसरीचे बोलणे हा दोष. पेटीत खिडकीसारखी चौकट आडवी बसवितात ती याचसाठी, समोरासमोरच्या फळ्यांना एकमेकींचा आधार मिळून त्या थरथरू नयेत म्हणून. ती वाहतुकीतील आधारासाठी दिली असावी असे समजून फेकून देणारेही लोक आहेत.

सरस लावण्यापूर्वी संपूर्ण पेटी कोरडी जुळवून पाहावी आणि प्रत्येक फळीवर पेन्सिलीने खूण करावी. याच टप्प्यावर आमच्या संचातील दोष उघडकीस आला. वाटेत खोक्याला पाणी लागले होते आणि मागच्या फळीची एक कड फुगली होती. एम.डी.एफ. म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली फळी. तिचा पृष्ठभाग घट्ट असला तरी कापलेली कड टिपकागदासारखी पाणी शोषते, आणि एकदा फुगलेली कड वाळली तरी पूर्ववत होत नाही. सांध्यात नखभर फट राहत होती. आणखी सरस ओतून ती बुजवावी असा मोह होतो, पण पांढरा सरस पातळ थरातच बळकट असतो. जाड थर आटतो व चिरतो. वडिलांनी आपला जुना गुण्या काढला, कडेवर लावून पाहिला आणि नेमके कोठून कोठवर उंचवटा आहे ते पेन्सिलीने आखून दिले. तेवढाच भाग काचकागदाने घासून सपाट केला. घासताना नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारा मास्क लावणे आवश्यक आहे. ही धूळ अतिशय बारीक असते व फुफ्फुसांना अपायकारक असते.

त्यानंतर खालची फळी, बाजूच्या दोन, चौकट, वरची, समोरची आणि शेवटी मागची, या क्रमाने जोडणी केली. प्रत्येक वेळी क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. समोरच्या फळीचा कर्ण ५४.६ सेंटिमीटर भरला पाहिजे, आणि दुसराही तेवढाच. फरक पडला तर सरस ओला असतानाच पेटी तिरकी दाबून सरळ करता येते, नंतर नाही. कडेत स्क्रू घालावयाचा असेल तर अगोदर बारीक भोक पाडावे, अन्यथा कड उभी फाटते. सांधे वाळल्यावर स्पीकरच्या भोकातून हात घालून आतील प्रत्येक कोपऱ्यावर बोटाने सरस फिरवावा. बाहेरून हे काम दिसत नाही, म्हणून ते टाळले जाते.

कारण कोंडलेली हवा ही जर स्प्रिंग, तर बारीकशी फटसुद्धा ती स्प्रिंग सैल करते. आत उशीत भरतात तसा पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला, तारा जोडल्या, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळत स्पीकर बसविला. शंकू दोन्ही हातांनी सावकाश आत दाबून सोडला असता तो हळूहळू परत यावयास हवा; पेटी घट्ट असल्याची ती खूण. आमचा चटकन परत आला. मग ३० हर्ट्झचा स्वर लावून प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरली. फुगलेली कड निर्दोष निघाली. धूर थरथरला तो तारांच्या जोडणीसाठी पाडलेल्या भोकापाशी, जेथे कोणी लक्षच दिले नव्हते. तेथे रबराची चकती बसविल्यावर फुसफूस थांबली.

खोलीत पेटी कोठे ठेवावी, हाही प्रश्न कमी महत्त्वाचा नाही. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झची लहर दोन भिंतींमध्ये उभी राहते. भिंतीशी तो स्वर प्रचंड आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. यावर एक जुनी युक्ती आहे. पेटी ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवावी, गाणे लावावे, आणि आपण भिंतीच्या कडेने वाकून फिरावे. जेथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू येईल तेथे पेटी न्यावी.

शेजाऱ्यांचा विचार यानंतर येतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १०नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु ती मानवी कानाच्या कलाने मोजली जाते, आणि त्या मापनपद्धतीत ४० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३५ डेसिबल वजा होतात. मापकाचा आकडा मर्यादेत असूनही सामाईक भिंतीपलीकडच्या माणसाची उशी थरथरू शकते. १९७४च्या ‘अर्थक्वेक’ या अमेरिकन चित्रपटासाठी असा अतिखर्ज मुद्दाम प्रेक्षागृहात सोडण्यात आला होता. जबलपूरकरांनी २२ मे १९९७च्या पहाटे खरा भूकंप अनुभवला आहे, त्यांना तावदानांची ती खडखड पुन्हा नको असते. आमच्या वस्तीच्या नावातच काच आहे. पहिल्याच संध्याकाळी खिडकीची दोन तावदाने बोलू लागली व त्यांच्या चौकटीत लांबी भरावी लागली.

वडिलांनी त्या रात्री जुने एकल तबलावादन लावले. सुरुवातीला मुद्दामच आवाज थोडा चढा ठेवला होता. ते काही वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “अगं, घुमारा आला, पण चाट कुठे गेली?” मोठा खर्ज आपल्या वरच्या स्वरांना झाकून टाकतो, आणि वरच्या स्वरांना अगोदरच मुकलेल्या कानाला ते अधिक जाणवते. बटण हळूहळू मागे घेतले. चाट ऐकू येऊ लागल्यावर त्यांनी हात वर केला, आणि तेथे पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवली.