सुईण की डॉक्टर? आधी घरापासूनचं अंतर मोजा

घरात गोड बातमी कळली की पहिले काही दिवस पेढे वाटण्यात जातात. मग प्रश्न सुरू होतात. बाळंतपण कुठं करायचं? कोणाच्या हातून? आजी म्हणते, "आमची सगळी घरीच झाली, सुईण होती ना!" आई म्हणते, "डॉक्टरशिवाय कोणी हात लावायचा नाही." आणि जिचं बाळंतपण आहे ती रात्री मोबाइलवर वाचत बसते, की परदेशात म्हणे मिडवाइफच बाळंतपण करते आणि उगाच सिझर होत नाही.

खरं सांगायचं तर तिघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण तिघी तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. ही गुंतवळ सोडवायची असेल, तर प्रश्न एखाद्या खऱ्या घरात नेऊन पाहावा लागतो. चला, काशीला जाऊ.

काशीत पंचगंगा आणि दुर्गा घाटांच्या शेजारी ब्रह्मा घाट आहे. पेशव्यांच्या काळात नारायण दीक्षित पाटणकर यांनी तो बांधून घेतला. त्याच्या वरच्या गल्ल्यांमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. इथला गणेशोत्सव शंभर वर्षांहून जुना. घरात मराठी, दारात हिंदी. इथं सुईणीला कोणी 'दाई' म्हटलं तरी घरातल्यांना वेगळं वाटत नाही. घरं उंच, जिने अरुंद, आणि गल्ली इतकी चिंचोळी की समोरून बैल आला तर अंग चोरून भिंतीला टेकावं लागतं. अशा घरात रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर काय? या एका प्रश्नात सगळी निवड दडलेली आहे.

दाई, मिडवाइफ आणि डॉक्टर: तीन वेगळी माणसं

आजीच्या आठवणीतली सुईण अनुभवानं शिकलेली होती. हिंदीत म्हणतात, दाईपासून पोट लपत नाही. हात लावून बाळ सरळ आहे की पायाळू, हे ओळखणाऱ्या बायका होत्या. बाळंतिणीला धीर देणं, पाठ चोळणं, तासन् तास जवळ बसणं हे त्यांचं मोठं काम. पण त्यांच्याकडे रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन नव्हतं, रक्तदाब मोजायचं यंत्र नव्हतं आणि अडलेली बाई सोडवायला शस्त्रक्रियाही नव्हती.

तुम्ही मोबाइलवर वाचता ती मिडवाइफ म्हणजे ही दाई नव्हे. ती शिकलेली, नोंदणी झालेली आरोग्यसेविका असते. आपल्याकडे एएनएम आणि जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांत प्रसूतीचं शिक्षण असतं. सरकारी दवाखान्यातली साधी बाळंतपणं बहुतेक वेळा याच नर्सबाईंच्या हातून होतात, फक्त आपण त्यांना मिडवाइफ म्हणत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत नर्सना आणखी १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' घडवायचं ठरलं. ही सोय अजून सगळीकडे पोहोचलेली नाही. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलसारख्या ठिकाणी मात्र मिडवाइफ आणि डॉक्टर एकाच छताखाली काम करतात.

तिसरं माणूस प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर. एमबीबीएसनंतर याच विषयात पुढचं शिक्षण घेतलेले. सिझर, व्हॅक्यूम किंवा चिमट्यानं बाळ काढणं, वाढलेला रक्तदाब आवरणं, जास्त रक्त गेलं तर रक्त चढवून जीव वाचवणं ही त्यांची कामं.

थोडक्यात, साधं बाळंतपण साधं राहावं म्हणून मिडवाइफ, आणि ते साधं राहिलं नाही तर डॉक्टर. यात एक वर, एक खाली असं काही नाही.

भीती दोन्हीकडची, आणि दोन्ही खऱ्या

"डॉक्टरच हवा" म्हणणाऱ्या आईची भीती समजून घ्या. आनंदीबाई जोशींना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि योग्य उपचार न मिळाल्यानं दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये पदवी घेतली, आणि प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदू परंपरेतल्या प्रसूतिशास्त्राचा. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरकडे जायच्या नाहीत आणि बाई डॉक्टर नव्हतीच. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्यातल्या सेवासदननं मुलींना, विधवांना परिचारिका आणि सुईणीचं रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली. म्हणजे शिकलेली सुईण ही काही परदेशी कल्पना नाही. मराठी बायकांनी ती शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती.

आज काय परिस्थिती आहे? २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी आकडेवारीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ मातांचा मृत्यू झाला, तर उत्तर प्रदेशात १६७ मातांचा. हा फरक बायकांच्या अंगातला नाही. वेळेवर तपासणी, रक्त आणि शस्त्रक्रिया मिळते की नाही, याचा तो फार मोठा भाग आहे. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो.

आता मोबाइल वाचणाऱ्या मुलीची भीती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशात १०० पैकी ८ ते ९ बाळंतपणं सिझरनं व्हायची. २०१९-२१ मध्ये ती २१ ते २२ झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास, खासगीत मात्र ४७ टक्क्यांवर. अवघड बाळंतपणं खासगीत जास्त येतात असं धरलं, तरी एवढी तफावत त्यानं भरून निघत नाही. गरजेचं सिझर आई आणि बाळ दोघांना वाचवतं. गरज नसताना केलेलं सिझर पुढच्या बाळंतपणालाही जोखीम जोडतं.

मिडवाइफच्या बाजूनं पुरावाही आहे. श्रीमंत देशांतल्या १७ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या १५ चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा निघाला. पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत ओळखीच्या मिडवाइफनं सोबत केली तर चिमटा-व्हॅक्यूमची गरज कमी पडली आणि दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही कमी झाली, असं त्यात दिसलं. पण एक गोष्ट विसरू नका: त्या सगळ्या मिडवाइफच्या पाठीशी रुग्णालय होतं, आणि गरज पडताच तिथं नेण्याची सोय होती.

व्हिएन्नातली एक जुनी गोष्ट इथं उपयोगी पडते. तिथल्या रुग्णालयात १८४०च्या दशकात दोन प्रसूती कक्ष होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या कक्षात सुमारे १० टक्के बाळंतिणी तापानं जायच्या, सुईणींच्या कक्षात ४ टक्क्यांच्या आसपास. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं कारण शोधलं: डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे यायची. १८४७ मध्ये त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. दारावरची पदवी वाचली तशी आतली स्वच्छता आणि पद्धतही बघा, हा त्यातला धडा.

डॉक्टर हवाच, तिथं वाद घालू नका

पुढीलपैकी काहीही असेल तर बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करा:

• रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त
• हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी
• जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ
• वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असणं
• आधीचं सिझर, किंवा आधीच्या बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असणं
• मधुमेह, हृदयविकार, फिट्स
• दिवस भरायच्या बऱ्याच आधी कळा येणं

आणि गरोदरपणात अंगावरून रक्त जाणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, चेहरा-हात सुजणं, झटके येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, पाणमोट फुटणं, ताप, यांतलं काहीही झालं तर "सकाळी बघू" म्हणू नका. बाळंतपणानंतर अर्ध्या तासात वार पडली नाही किंवा घडीमागून घडी भिजायला लागली, तरी तेच.

यांतलं काहीच नसेल, तपासण्या सगळ्या नीट असतील, तर शिकलेल्या नर्स-मिडवाइफच्या हातून बाळंतपण होणं पूर्ण सुरक्षित असू शकतं. अट एकच: डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा. घरी, सोय नसताना, न शिकलेल्या हातांनी बाळंतपण हा पर्याय आता ठेवू नका. जुन्या दाईबाई ओळखीच्या असतील तर नंतरच्या मालिशसाठी, अंघोळीसाठी, धीरासाठी त्यांना जरूर बोलवा. तो मान त्यांचाच आहे.

गल्ली, पूर आणि देवदिवाळी

आता पुन्हा ब्रह्मा घाटावर या. उत्तर प्रदेशात गरोदर बायकांसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ वर रुग्णवाहिका मिळते. पण ती गल्लीत शिरत नाही. घरापासून गाडीच्या रस्त्यापर्यंत चालत, नाहीतर खुर्चीवर बसवून न्यावं लागतं. जिल्हा महिला रुग्णालय कबीरचौऱ्याला, मैदागिनपासून फार दूर नाही. बनारस हिंदू विद्यापीठाचं सर सुंदरलाल रुग्णालय मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं २०२१ मध्ये माता-बालकांसाठी १०० खाटांचा विभाग सुरू झाला.

म्हणून आठव्या महिन्यातच एकदा घड्याळ लावून घरापासून रस्त्यापर्यंत चालून बघा. खुर्ची कोण उचलणार, ती दोन-चार नावं ठरवा. तारीख श्रावणात किंवा भाद्रपदात असेल तर गंगेचं पाणी पायऱ्या चढून येतं, हे लक्षात ठेवा. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास असेल तर देवदिवाळीच्या गर्दीत रस्ते बंद होतात. अशा वेळी शेवटचे काही दिवस रस्त्याकडेच्या नातेवाइकांकडे राहायला जाणं शहाणपणाचं. सासूबाईंना समजावून सांगा; बाळाचं कारण सांगितलं की कोणाची ना नसते.

तुम्ही पुण्यात, नांदेडला, बेळगावात किंवा बडोद्याला राहत असाल तरी हिशोब तोच. तुमच्याकडे घाट नसेल, पण लिफ्ट बंद पडलेली इमारत, पावसात तुटणारा पूल, शुक्रवार संध्याकाळची वाहतूक असेलच.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. काशीहून मुंबईला महानगरी एक्सप्रेसनं एक दिवसाहून जास्त लागतो. शेवटच्या आठवड्यांत एवढा प्रवास नको. जायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून लवकर जा, सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी आणि रक्तगट एका फाइलमध्ये न्या, आणि पोचताच तिथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवा. नवव्या महिन्यात अनोळखी दारात उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

रुग्णालयात हे प्रश्न विचारा

१. रात्री प्रसूतीच्या खोलीत कोण असतं? डॉक्टर किती मिनिटांत येतात?
२. सिझरची सोय, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास मिळतं का?
३. इथं १०० पैकी साधारण किती सिझर होतात?
४. कळा येत असताना चालू-फिरू देता का? सोबत एक जण थांबू शकतो का? (सरकारी रुग्णालयांत सोबतीला बाईमाणूस ठेवायला केंद्रानं २०१६ मध्येच मान्यता दिली आहे.)
५. प्रत्येकीला टाका घालता, की गरज असेल तरच?
६. गुंतागुंत झाली तर पुढं कुठं पाठवता आणि गाडी कोणाची?

उत्तर देताना कोणी चिडलं, तर तेही एक उत्तरच समजा.

खर्चाची काळजी असेल तर हे माहीत असू द्या: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण मोफत असतं, सिझर, औषधं, रक्त आणि गाडीसकट. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. खासगी डॉक्टर ठरवला असला तरी एकदा तिथंही नाव घाला. अडीअडचणीला दुसरं दार उघडं राहतं.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. त्या जन्माला धीर देणारे हात हवेत आणि जीव वाचवणारेही. दोन्ही एकाच ठिकाणी मिळत असतील तर उत्तमच. मिळत नसतील, तर एकापासून दुसऱ्यापर्यंत किती मिनिटं लागतात ते आज जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा, आणि रुग्णवाहिकेचा नंबर, रक्तगट आणि खुर्ची उचलणाऱ्यांची नावं एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा.