विश्लेषण : घरातला छोटा कॅक्टस पावसाळ्यात का सडतो?

रोपवाटिकेतून हौसेने आणलेला कॅक्टस काही महिने छान दिसतो. मग बुडाशी मऊ पडतो आणि एक दिवस कलंडतो. ‘पाणी तर रोज घालत होतो’ असे घरातले म्हणतात, आणि चूक नेमकी तिथेच असते. कॅक्टस तहानेने क्वचितच मरतो. बहुतेकदा त्याची मुळे ओल्या मातीत कुजतात.

पाणी का बाधते?

कॅक्टस मूळचा अमेरिका खंडातला. त्याची पाने काट्यांत बदललेली असतात आणि पाणी जाड खोडात साठते. खोडावरची सूक्ष्म छिद्रे रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात बाष्प फारसे जात नाही. मेक्सिकोतल्या मॅमिलेरियालाही पाऊस मिळतो, पण खडकाळ उतारावर पाणी थांबत नाही. कुंडीत ते थांबते. मग मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचे फावते.

पाणी केव्हा घालावे?

वार ठरवून पाणी घालू नका. बांबूची काडी मातीत तळापर्यंत खुपसा. ओली माती चिकटली तर थांबा. काडी कोरडी निघाली तर तळाच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या आणि बशीत साचलेले ओतून टाका. थंडीत पाण्याच्या पाळ्या आणखी लांबवा. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून हलवून उजेडाच्या, हवेशीर जागी ठेवा. हवा दमट असल्याने माती उशिरा वाळते, तेव्हा काडीवरच विश्वास ठेवा.

माती, कुंडी कशी हवी?

रोपवाटिकेतली रोपे अनेकदा कोकोपीटमध्ये असतात. ते पाणी धरून ठेवते. निम्मी बागेची माती आणि निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक खडे असे मिश्रण करा. समुद्राची खारी वाळू नको. भोक असलेली, रोपापेक्षा किंचित मोठी मातीची कुंडी उत्तम.

ऊन किती?

सकाळचे तीन-चार तास ऊन पुरेसे. शेंडा फिकट आणि बारीक होत असेल, तर उजेड कमी पडतोय. मात्र घरातले रोप एकदम भर उन्हात ठेवल्यास करपते. आठ-दहा दिवसांत सवय लावा.

लाल-पिवळ्या गोळ्याचे काय?

ती दोन रोपे असतात. हिरव्या खोडावर रंगीत कॅक्टसचे कलम केलेले असते. रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने त्याला अन्न खालचे खोड पुरवते. ही जोडी सहसा काही वर्षेच टिकते.

सडू लागलेले रोप वाचते?

कूज शेंड्यापर्यंत गेली नसेल, तर वाचू शकते. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कुजका भाग कापा. आत तपकिरी डाग दिसेनासा होईपर्यंत कापत राहा. तुकडा आठवडाभर सावलीत सुकवा, मग कोरड्या मिश्रणावर ठेवा. मुळे फुटेपर्यंत पाण्याचा मोह टाळा.