डिजिटल चिकटवही : जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती आणि पानाची मांडणी

प्रस्तावना

छायाचित्रे, कात्रणे, तिकिटे, पत्रे वहीत चिकटवून शेजारी दोन ओळी लिहिल्या की ती चिकटवही होते. हेच काम संगणकावर केले की तिला डिजिटल चिकटवही म्हणतात. कागदी वहीत कात्री चाललेला फोटो पूर्ववत होत नाही. डिजिटल वहीत मूळ फोटो बाजूला ठेवून त्याच्या प्रतीवर हवे तितके प्रयोग करता येतात. परंतु या सोयीमुळेच फोटोतील माहिती नकळत पुसली जाण्याची शक्यताही वाढते. म्हणून प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारावा : आपण फोटोचे नुकसान दुरुस्त करत आहोत, की फोटोत जे होते तेच बदलत आहोत?

उदाहरण : नेहरू नगरातील एक अल्बम

भिलाई पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा व नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. मुंबई–हावडा लोहमार्गही दोन्हींना जोडतो. त्यामुळे येथील वस्तीत मराठी कुटुंबे दिसतात यात नवल नाही.

असे समजू, की निवृत्तीनंतर सेक्टरमधील क्वार्टर सोडून नेहरू नगरात आलेल्या एका कुटुंबाकडे पुढील तीन वस्तू आहेत.

(अ) क्वार्टरच्या अंगणातील १९६१ चा कृष्णधवल फोटो, ६ × ६ सेंमी, मधोमध घडी पडलेला.
(आ) मैत्री बागेतील १९८० च्या सुमाराचा रंगीत फोटो, ३.५ × ५ इंच, तांबूस झालेला.
(इ) नागपूरहून आलेले पोस्टकार्ड.

या तिन्हींचे एक पान तयार करू.

१. स्कॅनिंग

फोटो लहान असेल तर स्कॅनिंगचे रिझोल्यूशन जास्त ठेवावे. (अ) १२०० डीपीआयवर स्कॅन केल्यास प्रत्येक बाजू सुमारे २८३० पिक्सेल भरते. छपाईसाठी ३०० डीपीआय धरल्यास तो साधारण ९ इंचापर्यंत मोठा करता येतो. (आ) ६०० डीपीआयवर २१०० × ३००० पिक्सेलचा होतो, म्हणजे ७ × १० इंच छापता येतो.

कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावा. डाग आणि पिवळेपणा वेगळा ओळखता आला की दुरुस्ती सोपी जाते. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात साठवावे, कारण जेपेग फाइल दर वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गमावते. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. तारीख, स्टुडिओचा शिक्का, नावे बहुधा तेथेच असतात. अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. तो पानासकट स्कॅन करावा.

फाइलचे नाव अर्थपूर्ण असावे : ‘१९६१_भिलाई_अंगण_समोर’, ‘१९६१_भिलाई_अंगण_मागे’. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि यापुढील सर्व काम प्रतीवर करावे.

२. रंग व उजेड

येथे गिंप या मोफत सॉफ्टवेअरमधील साधने घेतली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्येही ती थोड्या वेगळ्या नावांनी असतात.

(आ) तांबूस का झाला? रंगीत फोटोत निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या अनेक कागदांवरील निळसर-हिरवे द्रव्य अल्बमच्या अंधारातही लवकर फिकट होते. हेच द्रव्य लाल प्रकाश शोषते. ते कमी झाले की सावलीच्या भागातूनही लाल प्रकाश परत येतो आणि सगळा फोटो तांबूस दिसतो.

उपाय कारणावरूनच सुचतो. ‘लेव्हल्स’ उघडून फक्त लाल चॅनल निवडावा. आलेखाची डावी बाजू रिकामी दिसेल. काळ्या बिंदूचा त्रिकोण आलेख सुरू होतो तेथपर्यंत उजवीकडे सरकवावा. मग मधल्या त्रिकोणाने त्वचेचा रंग जुळवावा. हिरवा व निळा चॅनलही याच रीतीने तपासावा. फोटोत पांढरा शर्ट असेल तर तो पडताळणीला उपयोगी पडतो. फोटोची किनार मात्र प्रमाण मानू नये, कारण कागद स्वतःच पिवळा पडलेला असतो.

३. घडी, ओरखडे व डाग

दुरुस्ती नेहमी नव्या रिकाम्या लेयरवर करावी. चूक झाल्यास तेवढाच भाग पुसता येतो. ‘क्लोन’ साधन एका जागेचा नमुना जसाच्या तसा दुसरीकडे उतरवते. ‘हील’ साधन तो नमुना आजूबाजूच्या छटेशी जुळवून घेते. भिंत, आकाश, जमीन यांवरील ओरखड्यांसाठी ‘हील’ चांगले. साडीचा काठ किंवा दाराची चौकट अशा ठळक कडांवर ते रंग फासते. तेथे ‘क्लोन’ लहान ब्रशने वापरावे.

घडी चेहऱ्यावरून गेली असेल तर थांबून विचार करावा. गालावरची बारीक रेघ भरता येते. पण डोळाच निघून गेला असेल तर तो दुसऱ्या फोटोवरून बसवणे ही दुरुस्ती नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘चेहरा स्पष्ट करा’ ही सोयही याच कारणासाठी जपून वापरावी. धूसर चेहऱ्यात नसलेला तपशील ती इतर असंख्य चेहऱ्यांवरून रचते. चेहरा सुबक दिसतो, पण तो आजीचाच राहील याची खात्री नसते. ज्यांनी आजीला पाहिलेले नाही अशा नातवंडांच्या मनात मग तोच चेहरा राहतो. अशा जागी घडी तशीच दिसू द्यावी.

४. पानाची मांडणी

१२ × १२ इंचाच्या पानासाठी ३०० डीपीआयवर ३६०० × ३६०० पिक्सेलची फाइल लागते. मांडणीचे नियम थोडे आहेत.

• एका पानावर एकच फोटो मुख्य असावा. येथे (अ) मोठा, (आ) त्याच्या निम्म्या आकाराचा आणि पोस्टकार्ड खाली ठेवावे.
• माणसांची नजर पानाच्या आतल्या दिशेला वळलेली असावी. त्यासाठी फोटो आरशासारखा उलटवू नये. मागच्या पाट्या आणि साडीच्या पदराची बाजू उलटी होते.
• पार्श्वभूमीचा रंग फोटोतूनच उचलून फिका करावा.
• सावली दिल्यास सर्व फोटोंना एकाच दिशेची द्यावी.
• कडेला ३ मिमी जादा जागा सोडावी. छपाईनंतर कागद कापताना ती लागते.
• फोटो कापण्याऐवजी लेयर मास्कने झाकावा. कोपऱ्यातली सायकल आज अनावश्यक वाटते, पण पुढे तीच कोणाच्या तरी आठवणीची खूण ठरू शकते.

५. मजकूर

फोटोखाली कोण, कुठे, केव्हा हे लिहावे आणि माहिती कोणी सांगितली तेही लिहावे. मागे ‘भिलाई, म. प्र.’ असे लिहिलेले असेल तर ते बदलून ‘छत्तीसगड’ करू नये. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. जुना पत्ता हाच त्या फोटोच्या काळाचा पुरावा आहे. वर्ष अंदाजाने ठरवले असेल तर ‘सुमारे’ हा शब्द घालावा.

हिंदी वळणाच्या फाँटमध्ये ल आणि श ही अक्षरे मराठीपेक्षा वेगळी दिसतात. मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर काही फाँट मराठी वळण देतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट त्यासाठीच बनवलेला आहे. ‘वऱ्हाड’ सारख्या शब्दातील ऱ्ह नीट उमटतो का, हे छपाईपूर्वी पाहावे.

६. जतन

लेयरसह फाइल गिंपच्या एक्ससीएफ स्वरूपात ठेवावी. छपाईसाठी वेगळी जेपेग प्रत काढावी. सर्व फाइलींच्या किमान दोन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

सारांश

वेळेने केलेले नुकसान, म्हणजे फिकटपणा, डाग, ओरखडे, दुरुस्त करावे. फोटो काढला त्या क्षणी जे समोर होते ते बदलू नये. साधने नंतरही शिकता येतील. फोटोतील माणसांची नावे सांगणारी माणसे मात्र नेहमी सोबत नसतात. म्हणून अल्बम हाती आल्यावर पहिले काम त्यांच्याशेजारी बसून नावे लिहून घेण्याचे.

स्वाध्याय

१. ४ × ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यास किती पिक्सेल मिळतील? तो ३०० डीपीआयवर किती मोठा छापता येईल?
२. घरातील एक तांबूस फोटो घ्या. लाल चॅनलच्या आलेखाची दुरुस्तीपूर्वीची व नंतरची स्थिती लिहा.
३. घरातील ज्येष्ठांना विचारून एका फोटोतील सर्वांची नावे डावीकडून उजवीकडे लिहा. न ओळखलेल्या व्यक्तीसमोर प्रश्नचिन्ह ठेवा.